एएन-३२ नंतर काय? वायुदलाची म्हातारी मालवाहू विमानं कमी पैशात कशी बदलायची?

लोहगाव_नाका

वायुदलाचा विषय निघाला की चर्चा लढाऊ विमानांवर जाते आणि तिथेच संपते. मिग-२१ गेलं, स्क्वाड्रन २९ वर आल्या, मंजूर ४२ आहेत, राफेल किती, तेजस कधी. हे प्रश्न रास्तच आहेत. पण लेहला रेशन, अरुणाचलातल्या धावपट्ट्यांवर औषधं आणि आग्र्याच्या छत्रीधारी प्रशिक्षण शाळेत पोरांना उडी मारायला विमान कोण देतं? बहुतेक वेळा एएन-३२. हे विमान आपल्याकडे १९८४ मध्ये आलं. सव्वाशेच्या आसपास घेतली होती, त्यातली शंभरेक अजून उडताहेत.

२००९ मध्ये युक्रेनशी ४० कोटी डॉलरचा करार झाला. १०५ विमानांचं आधुनिकीकरण करायचं, त्यातली ४० तिकडे आणि बाकीची कानपूरच्या डेपोत. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला आणि सुटे भाग अडकले. काम रखडत पुढे सरकलं. आता त्या देशात युद्धच चालू आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये वायुदलाने मध्यम मालवाहू विमानासाठी माहिती मागवली. वजन उचलण्याची क्षमता १८ ते ३० टन. ४०, ६० आणि ८० विमानं घेतली तर अंदाजे किती खर्च येईल हे कंपन्यांना विचारलं. शर्यतीत तीन नावं आहेत. लॉकहीड मार्टिनचं सी-१३०जे, एम्ब्राएरचं सी-३९० आणि एअरबसचं ए४००एम.

माझं मत आधीच सांगतो. शंभर जुन्यांच्या जागी शंभर नवी हे आपल्या खिशाला झेपणार नाही आणि त्याची गरजही नाही. एएन-३२ आज जी कामं करतं ती वेगळी करून वाटून द्यायला हवीत. काही छोट्या विमानाला, काही मोठ्याला, आणि काही कामं तर लष्करी विमानाने करायचीच गरज नाही. पण हे आता ठरवलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

नवशिक्या

सी-२९५ ही नवी मालवाहू विमानं आली ना? बडोद्याला टाटांचा कारखानाही सुरू झाला. मग प्रश्न कुठे उरला?

लोहगाव_नाका

@नवशिक्या, ती ५६ विमानं ॲव्रोच्या जागी आहेत. ॲव्रो म्हणजे कानपूरला जुळवलेलं एचएस-७४८, पहिलं १९६१ मध्ये उडालं. सप्टेंबर २०२१ चा करार, २१,९३५ कोटी रुपये, १६ स्पेनहून तयार आणि ४० बडोद्यात बनणार. एएन-३२ चा हिशेब त्यात धरलेलाच नाही.

जुना_एअरमन

नोकरीची बरीच वर्षं याच विमानाखाली वंगणात गेली, तेव्हा थोडं तपशिलात लिहितो.

एएन-३२ म्हणजे मुळात एएन-२६ चं शरीर. आपल्याला उन्हाळ्यात आणि उंचीवर चालेल असं विमान हवं होतं, म्हणून त्याच शरीरावर कितीतरी ताकदवान एआय-२० इंजिनं चढवली. एकेक इंजिन ५,००० अश्वशक्तीच्या वर. प्रोपेलर एवढा मोठा की इंजिन पंखाच्या वरच न्यावं लागलं. धावपट्टीवरचे खडे आणि धूळही त्यामुळे कमी खेचली जाते.

आता सी-२९५ शी तुलना करा. कागदावर सी-२९५ नऊ टनांच्या वर उचलतं आणि एएन-३२ पावणेसात. म्हणजे नवं विमान सरस वाटतं. पण एएन-३२ जास्तीत जास्त २७ टन वजनाने उडतं आणि दोन इंजिनांची मिळून १०,००० हून जास्त अश्वशक्ती असते. दर टनामागे ३८० च्या आसपास. सी-२९५ चं उड्डाणवजन २३ टनांच्या थोडं वर आणि इंजिनं २,६४५ अश्वशक्तीची दोन. दर टनामागे २३० च्या आत. नवा पंख आणि नवा प्रोपेलर जास्त कार्यक्षम असतात, त्यामुळे हा आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांच्या वर आहे. दुपारी तिथली हवा तापते, विरळ होते, इंजिनाची ताकद घटते आणि पंखाची उचलही घटते. चहूबाजूंनी डोंगर. उड्डाणानंतर एक इंजिन गेलं तर उरलेल्या एकावर डोंगर पार करता आला पाहिजे, या हिशेबानेच माल भरतात. सपाटीवरचे नऊ टन तिथे नऊ राहत नाहीत.

म्हणून "सी-२९५ अजून घ्या, झालं काम" असं म्हणणाऱ्यांनी आधी उंचीवरचा तक्ता मागावा.

दुसरी गोष्ट आयुष्याची. विमानाचं वय तीन प्रकारे मोजतात. उड्डाणाचे तास, उतरण्याची संख्या आणि कॅलेंडरची वर्षं. आधुनिकीकरणात कॅलेंडरचं आयुष्य २५ वरून ४० वर नेलं. १९८४ मध्ये बनलेल्या विमानाची चाळीस वर्षं २०२४ मध्ये भरतात, हा साधा हिशेब आहे. नंतरच्या खेपांना थोडी वर्षं जास्त, एवढंच.

दापोडी_डेपो

एअरमन काका, प्रतिसाद आवडला. माझी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. दापोडीला आम्ही जुन्या चॅसीवर नवी बॉडी चढवायचो आणि गाडी पुन्हा कित्येक वर्षं रस्त्यावर. नवी गाडी घ्यायला पैसे नसले की हाच मार्ग. विमानाला असं का करता येऊ नये? सांगाडा पक्का असेल तर इंजिन बदला, वायरिंग बदला, कॉकपिट नवं टाका.

जुना_एअरमन

@दापोडी_डेपो, प्रश्न अगदी योग्य आहे आणि बऱ्याच अंशी तेच केलं. नवं हवामान रडार, समोरून येणाऱ्या विमानाची सूचना, डोंगर जवळ आला की इशारा देणारी यंत्रणा, उपग्रहावरून दिशा, ऑक्सिजनची नवी व्यवस्था, हे सगळं बसवलं.

अडचण अशी की तुमच्या गाडीचा भार चॅसी घेते आणि बॉडी वर बसते. विमानात बॉडी हीच चॅसी. वर गेलं की आत हवेचा दाब भरतो, खाली आलं की सुटतो. कातडं प्रत्येक खेपेला ताणतं आणि सैल होतं. रिव्हेटच्या भोकांपाशी केसासारख्या भेगा सुरू होतात. पंखाच्या मुळाशी वेगळा थकवा. अंदमानच्या खाऱ्या हवेत जाऊन आलेल्या विमानाला गंज वेगळा. ते सगळं उकलून नवं करायचं तर नव्या विमानाच्या जवळपास खर्च येतो. आणि मूळ कारखान्याचा सल्ला लागतोच. ही इंजिनं युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाची. त्या शहराच्या दाराशी आज युद्धाची आघाडी आहे.

दापोडी_डेपो

समजलं. धन्यवाद काका.

सिंहगड_एक्स्प्रेस

मी सरळ सांगतो, सी-१३०जे. आपल्याकडे १२ आहेत, हिंडन आणि पानागढला. वैमानिक आहेत, तंत्रज्ञ आहेत, सुटे भागांचं कोठार आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर, १६,६१४ फुटांवर हेच विमान उतरलं. शेपटीचे भाग हैदराबादला टाटांकडेच बनतात. कमी पैशात काम करायचं तर घरात आहे तेच वाढवावं. नवा प्रकार आणला की नवा सिम्युलेटर, नवी हत्यारं, नवी पुस्तकं, नवं प्रशिक्षण.

चाकण_हायवे

@सिंहगड_एक्स्प्रेस, असहमत. दौलत बेग ओल्डीला मे २००८ मध्ये एएन-३२ च उतरलं होतं, ४३ वर्षांनी उघडलेल्या त्या पट्टीवर. त्यामुळे तो एकट्या सी-१३०जे चा मान नाही.

मुद्दा वजनाचा आहे. सी-१३०जे साधारण २० टन नेतं. एक बीएमपी, म्हणजे पायदळाची चिलखती गाडी, बसते. आता लष्कर झोरावर रणगाडा आणतंय, तो २५ टनांचा. सी-१३०जे मध्ये तो जाणार नाही. सी-३९० ची मर्यादा २६ टन आहे, म्हणजे निदान जमण्यासारखं आहे. वेग जेटचा. इंजिनं व्ही२५०० प्रकारची, जी आपल्याकडे ए३२० च्या जुन्या मालिकेवर वर्षानुवर्षं चालली, त्यामुळे हात लावणारी माणसं देशात आहेत. पोर्तुगाल, हंगेरी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, दक्षिण कोरिया यांनी तेच निवडलंय. नेदरलँड्सने तर जुन्या हर्क्युलिसच्या (म्हणजे जुन्या सी-१३० च्या) जागी, आणि ऑस्ट्रियाशी मिळून एकत्र ऑर्डर दिली, म्हणजे दोघांचाही खर्च वाटला गेला. महिंद्रांशी एम्ब्राएरचा करार २०२४ च्या फेब्रुवारीतच झालाय.

सिंहगड_एक्स्प्रेस

रणगाडा न्यायला सी-१७ आहेत ना? गलवाननंतर ६८,००० जवान आणि ९० च्या आसपास रणगाडे लडाखला हवाईमार्गे पोचवले, ते काम सी-१७ आणि आयएल-७६ या मोठ्या विमानांचं.

चाकण_हायवे

सी-१७ अकराच आहेत आणि कारखाना २०१५ मध्ये बंद झाला. बारावं कुठून आणणार? आयएल-७६ ऐंशीच्या दशकातली, म्हणजे एएन-३२ च्याच वयाची. त्यांच्यावरचा भार कमी झाला नाही तर ही अकरा सी-१७ लवकर झिजतील. मधल्या विमानाने थोडं वजनदार काम उचललं तर सी-१७ चं आयुष्य वाढेल. हाही पैसा वाचवण्याचाच भाग आहे.

नवशिक्या

आणि ए४००एम? ३७ टन नेतं म्हणे.

चाकण_हायवे

चार इंजिनं, मोठं शरीर, मोठी किंमत. काम चोख करतं पण या धाग्याच्या शीर्षकात "कमी पैशात" आहे.

पूर्वांचल

अरुणाचलात काही काळ डॉक्टर म्हणून काम केलं, म्हणून लिहावंसं वाटलं. इथे टनांचा हिशेब चाललाय, मी त्या विमानाची वाट बघणाऱ्यांच्या बाजूने सांगते.

विजयनगरसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं धड रस्ता नव्हता. मियाओहून दीडशे किलोमीटरच्या वर जंगलातून पायी. तिथे मीठ आणि रॉकेल हवाईमार्गेच यायचं. मेचुका, टुटिंग, वालाँग इथेही पावसाळ्यात दरडी कोसळल्या की पुढचं सगळं आकाशावर अवलंबून. ढग दरीत उतरले की विमान येत नाही. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. मग एक तास आभाळ उघडतं आणि त्या तासात जे येईल ते.

म्हणून विमानांची संख्या महत्त्वाची आहे. मोठं विमान एका ठिकाणी वीस टन टाकून जाईल, पण ज्या तासात आभाळ उघडलं त्या तासात चार वेगवेगळ्या दऱ्यांत ते जाऊ शकत नाही. चार छोटी विमानं जाऊ शकतात.

आणि कृपा करून "चालतंय तोवर चालवू" असं म्हणू नका. जून २००९ मध्ये मेचुकाहून निघालेलं विमान पडलं, तेरा गेले. जून २०१९ मध्ये जोरहाटहून मेचुकाला जाणारं पडलं, पुन्हा तेरा. अवशेष दिसायला आठ दिवस लागले, इतकं ते जंगल दाट. २०१६ च्या जुलैत तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं, २९ जण होते. त्याचे अवशेष ओळखू आले २०२४ मध्ये, ३,४०० मीटर खोल समुद्रात. साडेसात वर्षं त्या घरांनी कशी काढली असतील. त्या डोंगरात हवामानही जीव घेतं, प्रत्येक अपघात विमानाच्या वयामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या विमानात चढणाऱ्या माणसाला आपण द्यायला हवं होतं ते सगळं दिलं का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

लोहगाव_नाका

@पूर्वांचल ताई, मनापासून आभार. संख्या विरुद्ध टन हा मुद्दा तुम्ही नेमका पकडलात. शंभर एएन-३२ एकाच वेळी उडाली तर ६७० टन. चाळीस सी-१३०जे म्हणजे ८०० टन. चाळीस सी-३९० म्हणजे हजाराच्या वर. टनांत बघितलं तर चाळीस पुरतात. पण शंभर ठिकाणांऐवजी चाळीसच ठिकाणी एका वेळी पोचता येतं, आणि चाळीसपैकी काही कायम देखभालीत असणार.

हिशेबनीस

मी सीए आहे, विमानातलं काही कळत नाही, पण पैशाचं लिहितो.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६,८१,२१० कोटी. आकडा मोठा दिसतो. त्यातले १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाला. पगार आणि रोजचा खर्च वेगळा. नवी हत्यारं, विमानं, जहाजं घ्यायला भांडवली खात्यात १.८० लाख कोटी, तेही तिन्ही दलांना मिळून. यातला मोठा हिस्सा आधीच झालेल्या करारांच्या हप्त्यांत जातो. तेजस मार्क १ए च्या ८३ विमानांचे ४६,८९८ कोटी, नंतरच्या ९७ चे ६२,३७० कोटी, नौदलाच्या राफेलचे ६३,००० कोटी. हे सगळे हप्ते एकाच काळात येतात. वायुदलप्रमुख कोणीही असो, त्याच्यासमोर लढाऊ विमान आणि मालवाहू विमान यांच्या फायली शेजारी ठेवल्या तर तो कोणती आधी उचलेल?

आता त्याहून महत्त्वाचं. नवं विमान भांडवली खात्यातून येतं. जुन्या विमानाची दुरुस्ती, सुटे भाग, इंधन हे महसुली खात्यातून. त्यामुळे जुनं विमान ठेवण्याची किंमत आणि नवं घेण्याची किंमत एका कागदावर कधी समोरासमोर येत नाहीत. नवं म्हटलं की हजारो कोटींचा एक ठळक आकडा. जुनं म्हटलं की दरवर्षी थोडं थोडं, कुठल्या कुठल्या शीर्षाखाली विखुरलेलं. कुठल्याही कारखान्यात जुनी मशीन बदलायची की नाही हे ठरवताना आम्ही दोन्ही एकत्र मांडतो आणि पुढच्या वीस वर्षांचा खर्च काढतो. इथेही तसंच मांडलं पाहिजे, आणि शक्य तेवढं संसदीय समितीसमोर आलं पाहिजे. मला वाटतं, अर्धी चर्चा तिथेच मिटेल.

भोसरी_वर्कशॉप

@हिशेबनीस, हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

माझं छोटं मशिनिंगचं युनिट आहे, थोडं विमानाचं काम करतो. सी-२९५ च्या प्रकल्पात १३,४०० सुटे भाग आणि ४,६०० उपजोडण्या भारतात करायच्या आहेत. सात राज्यांत काम वाटलंय. ऐकायला फार छान. प्रत्यक्षात एका भागासाठी फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारा साचा) बनवा, धातूचं प्रमाणपत्र मूळ गिरणीपासून सांभाळा, पहिला नग तपासून मंजूर करून घ्या, उष्णता प्रक्रिया आणि प्लेटिंग फक्त मान्यता असलेल्या ठिकाणीच करा. यात महिने जातात आणि पैसा आमचा अडकतो. एवढं सगळं करून चाळीस विमानांचेच नग बनवायचे असतील तर फिक्स्चरचा खर्च वसूल होईतो ऑर्डर संपते.

म्हणून माझं म्हणणं, नवा तिसरा प्रकार आणून पुन्हा चाळीस-साठचा नवा कारखाना उभा करण्यापेक्षा बडोद्याची उत्पादनाची ओळ बंद पडू देऊ नका. चाळीस नंतर अजून चाळीस. दुसऱ्या चाळिसांचा भाग स्वस्त पडतो, कारण शिकण्याची फी पहिल्या चाळिसांत भरून झालेली असते. नौदल आणि तटरक्षक दलासाठी १५ ची मंजुरी झालीये, ते चांगलंच आहे.

चाकण_हायवे

पण एअरमन काकांचा उंचीचा मुद्दा?

भोसरी_वर्कशॉप

तो उरतोच. म्हणून नुसती सी-२९५ असं मी म्हणत नाही.

धरणकाठ

सेकंडहँड घ्यायची का? ब्रिटनने २०२३ मध्ये सगळी सी-१३०जे निवृत्त केली. त्यांच्याकडून बांगलादेशाने पाच आधीच घेतली होती. इंडोनेशियाने ऑस्ट्रेलियाची जुनी हर्क्युलिस घेतली. गरिबाने गरिबासारखं वागावं.

सिंहगड_एक्स्प्रेस

चार-पाच विमानांच्या दलाला ते ठीक. आपल्याला चाळीस-साठ लागतात, एवढी एकसारखी जुनी विमानं बाजारात मिळत नाहीत. आणि प्रत्येकाचं उरलेलं आयुष्य वेगळं. दहा वर्षांनी पुन्हा हाच धागा काढावा लागेल.

जुना_एअरमन

जुन्या विमानाचं गाठोडं गळ्यात घेऊ नये. एक विमान एओजी, म्हणजे जमिनीवर अडकून पडलं, की शेजारच्याचा भाग काढून त्याला लावायचा, मग शेजारचं अडकतं. हे करून करून हात दुखले आहेत.

सह्यवेडा

अवांतर: जुगाडावरून आठवलं. एएन-३२ च्या आधी आपल्याकडे पॅकेट होतं, सी-११९. उंचीवर ताकद कमी पडायची म्हणून त्याच्या पाठीवर वरून एक जेट इंजिन बसवलं होतं! फोटो बघा, विमानाच्या पाठीवर छोटं विमान बसल्यासारखं दिसतं. १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी असंच पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं. आपल्या मराठी शाळांत हे नाव मुलांना माहीत असायला हवं.

पूर्वांचल

सह्यवेडा, हे खरंच माहीत नव्हतं. यावर वेगळा लेख लिहा ना.

सह्यवेडा

नक्की. माहिती जमवतो.

कर्वे_रोड

पुणेकरांना हा विषय दूरचा वाटेल म्हणून आठवण करून देतो. एप्रिल २०२१. ऑक्सिजनसाठी सगळे धावत होते. तेव्हा सी-१७ ने पुण्याहून ऑक्सिजनचे रिकामे टँकर जामनगरला नेले. भरलेले धोक्यामुळे विमानाने नेत नाहीत, पण रिकामे जाताना वाचलेले दिवस म्हणजे माणसांचे जीव होते. सुदुंबऱ्याचे एनडीआरएफचे जवानही गरज पडली की लोहगावहूनच दुसऱ्या राज्यांत जातात. मालवाहू विमान ही फक्त युद्धाची गोष्ट नाही.

नवशिक्या

लोहगावला आधीच प्रवासी विमानांची एवढी गर्दी, त्यात अजून ही मोठी विमानं कुठे उभी करणार?

कर्वे_रोड

पुरंदरचा विमानतळ झाला की सोडवू हा प्रश्न. 🙂 तोपर्यंत तुम्ही आम्ही आजोबा झालेलो असू.

धरणकाठ

पुरंदर या धाग्यावर नको, आधीच तीन धागे चालू आहेत. विषयावर येऊ.

रशियाबरोबर आपण मालवाहू विमान बनवणार होतो ना? त्याचं काय झालं?

सिंहगड_एक्स्प्रेस

२००७ चा करार, २०१० मध्ये संयुक्त कंपनी, २० टनांचं विमान, आपल्यासाठी ४५. इंजिनावरून मतभेद झाले. आपल्याला आधुनिक डिजिटल नियंत्रण असलेलं हवं होतं. २०१६ पर्यंत सगळं गुंडाळलं. आठ-नऊ वर्षं गेली आणि एक विमान हातात नाही.

हिशेबनीस

मी सी-२९५ च्या तारखा मांडून बघितल्या. जुलै २०१२ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने ॲव्रोचा बदल मान्य केला. मे २०१३ मध्ये निविदा. एकच बोली आली. एकच बोली कशी मान्य करायची यावर मे २०१५ उजाडलं. करार सप्टेंबर २०२१. पहिलं विमान सप्टेंबर २०२३. मंजुरीपासून पहिल्या विमानापर्यंत अकरा वर्षं. मध्यम विमानाची माहिती २०२२ च्या अखेरीस मागवली. त्याच वेगाने गेलो तर पहिलं विमान यायला २०३० च्या पुढे जाईल आणि सगळी यायला त्याहून दहा वर्षं. तोवर सगळ्यात धाकटं एएन-३२ सुद्धा चाळिशी ओलांडून जाईल.

या उशिराची किंमत कुठल्याही खात्यात दिसत नाही. रुपया घसरतो, धातू महागतो, जुन्या विमानाची देखभाल वाढते, आणि तरी अंदाजपत्रकात "या वर्षी बचत झाली" असं लिहिलं जातं.

माजी_सुभेदार

सर्वांना नमस्कार. मी पायदळातला. या विमानाने जोरहाटला, पोर्ट ब्लेअरला, लेहला गेलो आहे. बाकड्यांवर समोरासमोर बसायचं, मधे सामानाचा ढीग, कानात कापूस. वैमानिकांनी प्रत्येक वेळी सुखरूप पोचवलं, त्यांना सलाम.

एक साधी सूचना. सुट्टीवर जाणारे-येणारे जवान पोचवण्यासाठी लष्करी विमान कशाला? लेहला, पोर्ट ब्लेअरला, दिब्रुगढला आज खासगी कंपन्यांची विमानं रोज जातात. २०१९ मध्ये गृहमंत्रालयाने केंद्रीय पोलीस दलांच्या जवानांना काश्मीरसाठी तिकीट काढून विमानाने जायची मुभा दिली, तसंच इथे जास्तीत जास्त करावं. जिथे प्रवासी विमान जातच नाही तिथेच आपलं विमान वापरावं. जुन्या विमानाचे तेवढे तास वाचतील आणि जवानाचा सुट्टीचा दिवस धावपट्टीवर विमानाची वाट बघण्यात जाणार नाही.

जुना_एअरमन

साहेब, सोळा आणे खरं. माझ्या अनुभवात प्रवाशांच्या खेपांचे तास थोडे नसतात.

चाकण_हायवे

रस्त्यांचाही विचार धरा. अटल बोगदा २०२० मध्ये, सेला बोगदा २०२४ मध्ये सुरू झाला. झोजिला झाला की लेहला हिवाळ्यातही ट्रक जातील. पंधरा वर्षांनी हवाई रेशनाची गरज आजच्याएवढी नसेल. आजच्या गरजेवर मोजून शंभर विमानं घेणं चूक ठरेल.

पूर्वांचल

बोगद्याच्या पुढच्या दऱ्यांत रस्ते अजून वाहूनच जातात. गरज कमी होईल, संपणार नाही. पण मान्य, शंभर नकोत.

लोहगाव_नाका

सगळे प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्नावर परत येतो. सुरुवातीला लिहिलेलं माझं मत इथल्या चर्चेने जास्त ठोस झालं, म्हणून आकड्यांसह मांडतो.

बडोद्याची सी-२९५ ची ओळ थांबू न देता वायुदलासाठी अजून चाळीस. पूर्वेकडच्या छोट्या धावपट्ट्या, आग्र्याचं प्रशिक्षण, देशांतर्गत फुटकळ माल हे त्यांच्याकडे. ताई म्हणतात तसं संख्येचं काम तीच करतील. लडाख आणि वजनदार माल यासाठी मध्यम विमान, पण ८० नाही, ४० च. प्रवाशांच्या खेपा सुभेदार साहेब म्हणतात तशा नागरी विमानांकडे. शंभराच्या जागी ऐंशी होतात आणि उचल आजच्यापेक्षा कितीतरी जास्त. सी-१३०जे की सी-३९० यावर माझा कल सी-३९० कडे आहे. पण दोनपैकी कुठलंही दोन वर्षांत ठरणं हे योग्य विमान दहा वर्षांत ठरण्यापेक्षा चांगलं.

सिंहगड_एक्स्प्रेस

चाळीसच घेणार असाल तर नवा प्रकार आणखीच महाग पडेल. माझं मत सी-१३०जे वरच. बाकी आराखडा मान्य.

हिशेबनीस

ढोबळ गणित. २१,९३५ कोटींना ५६ म्हणजे सरासरी ३९० कोटींच्या वर, यात कारखाना आणि सुटे भागही धरलेत. त्याच दराने चाळीस म्हणजे १५,७०० कोटींच्या आसपास. दर २०२१ चा आहे, आज वाढेल. आठ-दहा वर्षांत हप्ते पसरले तर वर्षाला दोन हजार कोटींच्या घरात. भांडवली खात्यात हे बसू शकतं. मध्यम विमानाचे मोठे हप्ते त्यानंतर सुरू होतील असं वेळापत्रक केलं तर दोन्ही निभतील. उलट दोन्ही एकत्र आणली तर दोन्ही अडकतील.

भोसरी_वर्कशॉप

आणि ऑर्डर ओळ बंद व्हायच्या आधी दोन-तीन वर्षं यायला हवी. आमच्यासारखे एकदा दुसऱ्या कामाला लागले की फिक्स्चर भंगारात जातात.

जुना_एअरमन

आराखड्याला माझा पाठिंबा, एका अटीवर. अजून चाळीस सी-२९५ ची ऑर्डर द्यायच्या आधी लेह, लडाखमधलंच थॉइस आणि अरुणाचलातल्या दोन-तीन पट्ट्यांवर पूर्ण भाराने चाचण्या घ्या आणि एका इंजिनावरच्या चढाईचे आकडे एएन-३२ च्या आकड्यांशेजारी ठेवा. जिथे सी-२९५ कमी पडेल ती ठिकाणं मध्यम विमानाच्या यादीत टाका, आणि त्यावरूनच ४० लागतात की ४५ ते ठरवा. चाचण्या जूनमध्ये भर दुपारी घ्या. जानेवारीतल्या सकाळी लेहला सगळीच विमानं चांगली उडतात.